दुकानावरची पाटी : जालन्याच्या निमित्ताने

मराठीचा आद्य शिलालेख कोणता, अक्षीचा की श्रवणबेळगोळचा, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्यावर तास-दोन तास खर्ची पडतात. दुकानाच्या पाटीचा प्रश्न मात्र एकाही वर्गात निघत नाही. वाङ्मयेतिहासाने शिलालेखाला मानाचे पान वाढले आणि पाटीला पंगतीबाहेर ठेवले, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. वास्तविक दोहोंची जात एकच आहे. दोन्ही लेखन सार्वजनिक जागी, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावे म्हणून, मजुरी देऊन करवून घेतलेले असते. दोहोंवर सत्तेची नजर असते. फरक असलाच तर शिक्षेच्या प्रकारात. मध्ययुगीन दानलेखाखाली गद्धेगाळ कोरून आज्ञा मोडणाऱ्याला अर्वाच्य शाप दिला जाई. आजचा कायदा पाटी चुकली तर कामगारामागे दोन हजार रुपयांपर्यंत दंडाची भाषा करतो. शापापेक्षा हा मार्ग सौम्य खरा, परंतु त्यामागची जाणीव जुनीच आहे. चारचौघांत कोणती अक्षरे उभी राहावीत, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच तो प्रश्न.

या प्रश्नाचा विचार पुण्यामुंबईच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. पुणेरी पाट्यांना तर एक स्वतंत्र लौकिक लाभला, त्यांचे संग्रह निघाले. मराठवाड्यातील पाटी अशी कौतुकाला पात्र ठरली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही जालन्याकडे पाहणार आहोत. कारण सरळ आहे : एकाच गावाच्या भिंतींवर फार्सी, उर्दू, मोडी, बाळबोध आणि इंग्रजी अशी अक्षरे पाठोपाठ, आणि काही काळ शेजारी शेजारी, नांदल्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार नाहीत. शिवाय २०२३ साली या गावी पाटीसंबंधीचे दोन वेगवेगळे कायदेशीर फेरबदल एकत्र येऊन ठेपले. ते पुढे येईलच.

जालना हे व्यापाऱ्यांचे गाव. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण परिसरात आजही ऐकू येते. गावाच्या नावाची परंपरेने चालत आलेली कथाही व्यापाराचीच आहे. सीतेशी संबंध जोडून या गावाला पूर्वी जनकपूर म्हणत, आणि पुढे एका धनिक मुसलमान विणकऱ्याच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून ते जालना झाले, असे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकणारी नाही, हे आम्हास मान्य आहे. पण एका व्यावसायिकाने सबंध गावावर आपल्या धंद्याची पाटी लावली, अशी आठवण लोकमानसाने जपून ठेवावी, हेही काही थोडे नाही.

कुंडलिका नदीच्या काठी असलेल्या या गावाला तट होता. मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा ही त्या तटाची नावापुरती उरलेली खूण. पूर्वेकडची गढी १७२५ साली आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधली आणि तिच्यावरील फार्सी लेखाने तिच्या उभारणीची नोंद करून ठेवली. हाच मस्तगड. पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या या गढीतच थाटल्या गेल्या. ज्या वास्तूवर सत्तेने आपली फार्सी पाटी लावली, तेथूनच पुढे गावच्या पाट्यांचा कारभार चालावा, हा इतिहासाचा योगायोग म्हणावा लागेल. १८२७ च्या सुमारास येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी आली आणि तिच्याबरोबर इंग्रजी अक्षर आले. १९०३ साली छावणी मोडली, अक्षर राहिले. गावाच्या दोन पोलीस ठाण्यांची नावे पाहा : कदीम जालना आणि सदर बाजार. कदीम म्हणजे पुरातन. आज ही नावे देवनागरीत लिहिलेली असतात आणि ती परकी आहेत असे जालनेकरांना कधी वाटत नाही.

निजामी राजवटीत १८८४ पासून फार्सीची जागा उर्दूने घेतली आणि कचेरी, न्यायालय, पुढे उस्मानिया विद्यापीठ, सर्वत्र तीच राज्यकर्ती भाषा झाली. मराठवाड्यातील मराठी माणसाला आपल्या घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत उर्दू, अशी दुहेरी भाषिक वहिवाट पत्करावी लागली. सार्वजनिक सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी हवी, असे सांगणारे १९२९ चे ‘गश्ती निशाण ५३’ आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते परतूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातच. त्या काळी मराठीत बोलण्यालिहिण्याच्या हक्काला केवढी किंमत होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय आजच्या मराठी पाटीच्या आग्रहामागची भावना समजणार नाही. मुंबईतील आग्रह इंग्रजीच्या, गुजरातीच्या संदर्भात उभा राहिला. मराठवाड्यातील आग्रहाला राजभाषेबाहेर राहिल्याची आठवण आहे.

परंतु इतिहास इतका एकरंगी नसतो. त्याच हैदराबाद सरकारच्या कागदी नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरांतही किंमत छापलेली असे. कचेरीत मराठीला मज्जाव आणि नोटेवर मात्र आमंत्रण, याचा अर्थ काय? आमच्या मते अर्थ साधा आहे. कचेरीत रयतेला सरकारची भाषा शिकून यावे लागते. बाजारात मात्र सरकारलाही रयतेच्या भाषेत बोलावे लागते, एरवी नोट चालणार नाही. बाजाराची भाषानीती राज्याच्या भाषानीतीहून निराळी असते. व्यापारी वहीत मोडी किंवा महाजनी लिहील, अर्ज उर्दूत करील, आणि ग्राहकाला दारात जी भाषा कळेल ती बोलेल. त्याला तीन लिप्यांचे ओझे वाटत नसे, कारण तिन्हींची कामे वाटलेली होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हे सारे पालटले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराची भाषा केले. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा निघाला, परभणीतून परतूर त्यास जोडले गेले, आणि गावात जिल्ह्याच्या कचेऱ्या व त्यांच्या मराठी पाट्या आल्या. दुकानांपुरते बोलायचे तर ज्या १९४८ साली मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांचा कायदा केला, त्या वर्षी जालना त्या कायद्याच्या हद्दीतही नव्हते. महाराष्ट्रातील १९६१ च्या नियमांत पुढे ‘२०-अ’ हा नियम आला आणि दुकानाचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा, असे त्याने सांगितले. अन्य भाषांना बंदी नव्हती. मात्र हा नियम कित्येक वर्षे ग्रंथातच राहिला. दुकाने-निरीक्षक हजेरीपट आणि साप्ताहिक सुट्टी तपाशी. पाटीकडे मान वर करून पाहण्याचे त्याला कारण पडत नसे. २००८ साली मुंबईत राजकीय आंदोलन झाले, महापालिकेने मुदती दिल्या, काचा फुटल्या, तेव्हा कोठे या नियमाची सर्वांना ओळख झाली.

पुढचा कायदेशीर प्रवास थोडक्यात सांगतो. २०१७ च्या नव्या अधिनियमाने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच आपली मुख्य बंधने ठेवली. परिणामी जालन्यासारख्या गावातील बहुतेक दुकाने, जेथे गल्ल्यावर बाप, कापडाच्या ताग्याशी मुलगा आणि वर-खाली करायला एखादा गडी एवढीच माणसे, ती पाटीच्या नियमातून आपोआप सुटली. मार्च २०२२ च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. कामगार दहा असोत वा एक, नामफलक मराठीत हवा; दुसरी भाषा चालेल, पण मराठी अक्षरे आधी आणि त्यांचा आकार दुसऱ्या भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावा. त्याच दुरुस्तीत मद्यविक्रीच्या दुकानाला महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई आली. व्यापाऱ्यांच्या संघटनेची याचिका फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २५,००० रुपयांच्या खर्चासह फेटाळली. व्यवसायस्वातंत्र्यावर येथे घाला नाही, कारण दुसरी लिपी वापरण्यास कोणी अडवलेले नाही, हा न्यायालयाच्या विचाराचा गाभा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्या न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि दसरा-दिवाळी तोंडावर आहे, दाव्यांवर पैसा घालण्यापेक्षा पाट्यांवर घाला, अशा आशयाचा सल्लाही दिला. व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेतील हा निवाडा होता.

आता मूळ अडचणीकडे वळू. कायदा ‘मराठी भाषेत, देवनागरी लिपीत’ असे म्हणतो. लिपी डोळ्यांना दिसते, तिची उंची मोजपट्टीने मोजता येते. भाषेचे काय? ‘न्यू फॅशन कलेक्शन’ ही तीन पदे देवनागरीत ठळक रंगवली की नियम पाळला गेला. जालन्याच्या औद्योगिक भागातून हिंडताना ‘स्टील’, ‘रोलिंग’, ‘ट्रेडर्स’, ‘इंडस्ट्रीज’ ही पदे इतक्या वेळा देवनागरीत भेटतात की ती आता तत्सम म्हणावीत की तद्भव, असा पेच व्याकरणकारास पडावा. ‘सीड्स’चेही तेच. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. तरी पाटीवर ‘बियाणे’ हा शब्द दबकत येतो आणि ‘सीड्स’ ऐटीत. शेतकरी मात्र दुकानात येऊन बियाणेच मागतो. कृषी सेवा केंद्र हा त्यातल्या त्यात सरकारी मराठीचा विजय. परवान्यातून आलेला हा शब्द खेडोपाडी रुळला आणि आज तो कोणालाही जड वाटत नाही.

उलट बाजूनेही पाहावे. ‘किराणा दुकान’ ही पाटी अस्सल मराठी म्हणून आपण सहज स्वीकारतो. त्यातला ‘किराणा’ संस्कृताच्या घरचा, ‘दुकान’ अरबी-फार्सी वाटेने आलेले. ‘सराफ’ अरबी, ‘बाजार’ फार्सी. ‘मोंढा’ हा धान्यबाजाराचा मराठवाडी शब्द मुंबईच्या माणसाला कळत नाही, पण जालन्याच्या नव्या मोंढ्यात तो पाटीपाटीवर आहे. माधव जूलियनांनी १९३८ च्या ‘भाषाशुद्धि-विवेका’त जी बाजू मांडली, तिची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. सावरकरांच्या शुद्धीकरणाने ‘दिनांक’, ‘महापौर’ असे उपयोगी शब्द दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दुकानाला ‘पण्यशाला’ म्हणायला लावणारी शुद्धी बाजाराने कधी मानली नसती. पाटी ही भाषाशुद्धीची परीक्षा घेणारी जागा आहे. तेथे नापास झालेला शब्द परत उभा राहत नाही, कारण ज्या शब्दाने गिऱ्हाईक आत येत नाही, तो रंगवण्याचे पैसे कोणी देत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही कधीमधी असा स्वाध्याय देतो : सदर बाजार ते गांधी चमन या रस्त्यावरील पाट्या उतरवून आणा आणि त्यांतील नामे, विशेषणे, संक्षेप वेगळे काढा. संक्षेपांत ‘प्रो. प्रा.’ हमखास सापडतो. हे ‘प्रो.’ आमच्या व्यवसायबंधूंच्या नावामागचे नव्हे, तो प्रोप्रायटर, ‘प्रा.’ही प्राध्यापक नसून त्याच शब्दाचे शेपूट आहे. प्राध्यापकांच्या या दुहेरी अपहरणावर वर्गात हशा होतो. पण मुद्दा गंभीर आहे. मालकाचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव, देवाचे नाव, या क्रमाने पाटी एका कुटुंबाचा इतिहास सांगते. भाऊ वेगळे झाले की ‘न्यू’ येतो, आणि उरलेला भाऊ शेजारीच ‘जुने व प्रसिद्ध’ असे लिहून घेतो. वाटणीपत्रात न मिळणारी माहिती दोन पाट्यांच्या मधल्या भिंतीवर मिळते.

लिपीच्या सक्तीचा दुसरा, अधिक अवघड प्रश्न जालन्याच्या शेजारच्या वऱ्हाडात उभा राहिला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीच्या खाली उर्दूतही नाव लिहिलेले होते. १९५६ पासून ही प्रथा आहे, असे नगरपरिषदेचे म्हणणे. एका माजी नगरसेविकेने त्यास हरकत घेतली. २०२२ च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्याचा आधार त्यासाठी पुढे करण्यात आला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने हरकत अमान्य केली. मराठी असली म्हणजे कायद्याची अट पुरी होते, तिच्या जोडीने दुसरी भाषा लिहिण्यास कायदा मना करीत नाही, हा त्या निकालाचा कायदेशीर भाग. त्याहून मोठा भाग भाषेविषयीचा आहे. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती प्रदेशाची व तेथे राहणाऱ्या लोकांची असते, आणि उर्दू याच भूमीत जन्मली, असे विवेचन न्यायालयाने विस्ताराने केले.

मराठवाड्यातील मराठीच्या अध्यापकांनी हा निकाल दोनदा वाचावा, असे आम्हास वाटते. ज्यांच्या आजोबांना उर्दूची सक्ती सोसावी लागली, त्यांना भिंतीवरचे उर्दू अक्षर पाहून जुनी राजवट आठवली तर त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या सक्तीविरुद्ध परतूरला जमलेल्यांची मागणी आपल्या भाषेला जागा मिळावी ही होती. आज सत्ता मराठीच्या बाजूला आहे. ‘मराठी आधी’ हा कायद्याचा आग्रह आम्हास मनापासून मान्य आहे. ‘मराठीच’ हा आग्रह कायद्यात नाही, आणि जो तो घुसवू पाहतो, तो कदीम जालन्यातील ‘कदीम’ या शब्दापाशी अडखळल्याशिवाय राहणार नाही. आमच्याच काही सहकाऱ्यांचे मत यापेक्षा वेगळे आहे, हेही येथे नमूद करतो.

पाटीच्या नियमनाची आणखी एक बाजू आहे, ती अक्षरांची नसून लोखंडाची. ऑगस्ट २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ८५ हजार वस्तीचे हे शहर तोवर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली होते. आता ते १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली आले. त्या अधिनियमाच्या २४४ व्या कलमात एक सुंदर शब्द आहे, ‘आकाशचिन्ह’. पुण्याच्या महापालिकेत या नावाचा विभागच आहे. एखाद्या कवीने योजावा असा हा शब्द प्रत्यक्षात इंग्रजीचा अनुवाद आहे. छतावर उंच सांगाड्यावर लावलेल्या, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या जाहिरातींना आवरण्यासाठी लंडनने १८९१ साली खास कायदा केला. तीच संज्ञा मुंबईमार्गे आपल्याकडे आली. व्याख्येत रस्त्यावरून पाहता आकाशात दिसणारे शब्द, अक्षर, आकृती, सांगाडा यांच्याबरोबर जाहिरातीचा फुगा आणि हवाई छत्रीही येते. ध्वजाची काठी किंवा वारा दाखवणारा कोंबडा मात्र, त्यांनी जाहिरात केली नाही तर, सुटतो. अशा चिन्हासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते.

शब्दाचे सौंदर्य येथेच संपते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरला वादळी वाऱ्यात १२० फूट लांबी-रुंदीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्याला पाच, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्याच्या जुन्या बाजारापाशी चार माणसे अशीच गेली होती. घाटकोपरच्या चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमण्यात आली. अक्षर कोणत्या लिपीत, यावर आपण न्यायालयाची पायरी चढतो, आणि ते अक्षर ज्या खांबावर उभे आहे त्याचा पाया किती खोल, हे मात्र माणसे दगावल्यावर विचारतो. नव्याने महानगरपालिका झालेल्या जालन्याला ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागणार आहेत. आधी कोणते, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

या साऱ्यात ज्याचा विचार कोणत्याच नियमाने केला नाही, तो पाटी रंगवणारा पेंटर. पत्र्यावर आधी पांढरा हात मारायचा, सुताने रेघ आखायची, खडूने अक्षराचा सांगाडा टाकायचा आणि मग चपट्या ब्रशने एका दमात काना ओढायचा. ‘ल’ची गाठ आणि ‘श’ची शेंडी यांवरून ही पाटी कोणाच्या हातची, हे जुने लोक ओळखत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचे नाव असे. मुद्रणात जे काम टंककाराने केले, ते रस्त्यावर यांनी केले. मराठी अक्षराच्या घडणीच्या इतिहासात मात्र त्यांना नाव नाही. या शतकाच्या आरंभी फ्लेक्स आला आणि अक्षर संगणकातून निघू लागले. २०२३ च्या दसरा-दिवाळीत, न्यायालयाच्या मुदतीच्या धावपळीत, देवनागरीची मागणी एकाएकी वाढली खरी. ते काम बहुतांशी फ्लेक्सच्या यंत्रांकडे आणि पत्र्याच्या तयार अक्षरांकडे गेले. जोडाक्षरे तुटलेली, रफार भलत्या अक्षरावर गेलेला, ऱ्हस्वदीर्घाचा धरबंध नाही, अशी नियमबद्ध मराठी त्या दिवसांत पुष्कळ निघाली. उंची बरोबर होती.

नवा फलक लावताना जुनी पाटी काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. तिच्यावरच चौकट ठोकतात आणि पुढे नवे अक्षर चढवतात. त्यामुळे जुन्या पेठेतील कित्येक रंगवलेल्या पाट्या आत तशाच आहेत. दुकानाची डागडुजी निघते, चौकट उतरते, आणि एखादा दिवस जुने अक्षर उघडे पडते. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा झाकले जाते किंवा पत्रा भंगारात जातो. दिवाळीपूर्वीचे दोन आठवडे यासाठी सर्वांत चांगले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्यापाशी कॅमेऱ्याचा फोन आहे, त्यांनी त्या दिवसांत सराफ्याकडून कादराबादेकडे एक चक्कर टाकावी, दुकानदाराची परवानगी घेऊन छायाचित्र काढावे, आणि पेंटरचे नाव कोपऱ्यात असेल तर ते आठवणीने टिपून घ्यावे.